वजन ७६ वर अडलंय, मदत हवी आहे

साखरफुटाणे
जानेवारीत ८२ होते. फार काही केलं नाही. सावकाश चावून खायचं, ताट एकदाच वाढून घ्यायचं, भात दुसऱ्यांदा नाही, चहात साखर निम्मी, जेवताना मोबाईल बंद. जूनपर्यंत ७६ झाले, खूश होते. तेव्हापासून काटा ढिम्म. सव्वातीन महिने!!
सकाळी पोहे नाहीतर उपमा, दुपारी दोन पोळ्या, भाजी, आमटी, मूठभर भात, रात्री दीड भाकरी आणि भाजी. मधे काही खात नाही.
जिम लावा असं कृपया सांगू नका, वेळ नाही. आहारतज्ज्ञही नको. एकीकडे पैसे भरून झालेत, छापील कागद हातात दिला आणि त्यात ब्रोकोली. दिवाळीच्या आत ७३ दिसायला हवंय. कुठं चुकतंय तेवढं सांगा.

कोकणकाठ
उंची? वय? काही औषधं? हे न सांगता "कुठं चुकतंय" म्हणजे गाडी न दाखवता आवाज कसला येतोय ते विचारण्यासारखं झालं.

दुपारचीझोप
डॉ. दीक्षितांची पद्धत धरा आणि मोकळ्या व्हा. दोनदा कडकडून भूक लागते तेव्हा जेवायचं, ५५ मिनिटांच्या आत आटपायचं, मधल्या वेळात काही नाही. पाणी, पातळ ताक, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा चालतो. दर खाण्याला इन्सुलिन सुटतं, ते दोनदाच सुटू द्यायचं, एवढंच शास्त्र. माझे ११ किलो गेले. तुमचे पोहे आधी बंद करा.

चिमूटभर_हिंग
झालं सुरू. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर नेमकं उलट सांगतात, थोडं थोडं आणि दर दोन तासांनी. मी तसंच करून ९ किलो उतरवले, तेसुद्धा वरणभातावर तूप घेऊन. दोन वेळच्या जेवणात माझं डोकं चढायचं आणि मी नवऱ्यावर ओरडायचे.

दुपारचीझोप
दर दोन तासांनी खाऊन माणूस बारीक होत असता तर लग्नघरातले आचारी काडीसारखे दिसले असते.

चिमूटभर_हिंग
आणि ५५ मिनिटं मिळाली म्हणून बुफेवर उभे राहणारे मीही पाहिलेत. माझ्या दिराने पहिल्या महिन्यात चार किलो वाढवले. दोनच वेळा, पण काय ते विचारू नका.

आजोबा_६८
दोघांनाही नमस्कार. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर स्वतःच्या मनाने जेवणं कमी करू नयेत. मी केलं होतं. बँकेच्या रांगेत दरदरून घाम आला, हात थरथरले, साखर मोजली तर ५४. शेजारच्या मुलाने स्वतःचं पेढ्याचं पाकीट फोडलं म्हणून आज हे लिहितोय. आधी डॉक्टरांना विचारून गोळ्यांचं प्रमाण बदलून घ्यावं लागतं. ताईंना मधुमेह आहे का ते कळलं नाही, पण वाचणाऱ्यांत कोणाला तरी असेलच.

साखरफुटाणे
मधुमेह नाही. उंची पाच फूट एक इंच, वय ४३. थायरॉईडची ५० ची गोळी बरीच वर्षं आहे, त्याचा काही संबंध नाही, रिपोर्ट बरा असतो. मी वाद लावायला धागा काढला नव्हता.

प्रगती_पुस्तक
गोळी कधी आणि कशाबरोबर घेता? रिपोर्ट शेवटचा कधी केला?

साखरफुटाणे
सकाळी चहाबरोबर. रिपोर्ट मागच्या दिवाळीनंतर केला होता.

प्रगती_पुस्तक
अहो, ती गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा, नाश्ता त्यानंतर अर्ध्या-एक तासाने. नाहीतर अंगी नीट लागत नाही. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, पुन्हा करून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. सगळं खापर त्यावर फोडू नका, पण हे आधी सरळ करा.

अर्धवट_शहाणा
थोडी आकडेमोड. ८२ किलोच्या शरीराला दिवसाला जेवढं लागतं तेवढं ७६ च्या शरीराला लागत नाही. म्हणजे जेवण तेच ठेवलं तर उतार हळूहळू सपाट होणारच, चूक नसतानाही. शिवाय एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० उष्मांक. रोज २०० उष्मांक नकळत आत जात असतील तर महिन्याचे ६०००, म्हणजे जवळजवळ पाऊण किलो. २०० ला लागतं किती? दीड मोठा चमचा तेल. पुरे.
पाच फूट एकला ७६ म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३१ च्या पुढे. आपल्याकडे २३ च्या वर गेलं की जास्त धरतात. पण एकदम तिकडे बघू नका. काटाही रोज बघू नका, मीठ आणि पाणी त्याला नाचवतं. दर रविवारी सकाळी वजन, आणि टेपने कंबर. बायकांना ८० सेंटीमीटरच्या आत हवी.

कोकणकाठ
"मधे काही खात नाही" या वाक्यावर माझा जरा विश्वास नाही, राग नसावा. मीही दोन वर्षं हेच म्हणायचो. मग तोंडात जाईल ते सगळं तीन दिवस वहीत लिहिलं. लेकीच्या ताटातला उरलेला पराठा, वरणाचं पातेलं पुसून, ऑफिसात कोणाचा तरी वाढदिवस. अन्न टाकायचं नाही म्हणून आपलं पोट हीच कचरापेटी. तीन दिवस लिहा. जेवण लिहू नका, ते तुम्हाला पाठ आहे. बाकीचं लिहा.

जर्सीकर
घरात फरसाण, बिस्किटं आणूच नका. डोळ्यांना दिसलं नाही की मनाला आठवत नाही. आम्ही तर तळण बंदच केलं, एअर फ्रायर घ्या. चकलीसुद्धा होते.

साखरफुटाणे
आणू नका काय? घरातच तर होतं सगळं! आमचा फराळाचा धंदा आहे ना. चकली, चिवडा, शेव, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. गणपती झाल्यापासून दिवाळीच्या ऑर्डरी सुरू आहेत, दोन बायका मदतीला आहेत. म्हणून तर जिमला वेळ नाही म्हटलं. सांगितलं नव्हतं का मी?

कोकणकाठ
नाही.

अर्धवट_शहाणा
नाही!! दोन दिवस आम्ही पोह्यांवर भांडतोय.

नागपुरी_तर्री
भाजणीची चकली किलोला काय भाव लावता ताई? नागपूरला पार्सल येते का?

चिमूटभर_हिंग
चव कोण बघतं?

साखरफुटाणे
मीच. दुसऱ्या कोणाच्या जिभेवर सोडून चालत नाही. पण ते खाणं थोडंच आहे, दोन दाणे चिवडा, एक तुकडा चकली. तुटलेल्या चकल्या पाकिटात भरता येत नाहीत, त्या एका परातीत काढतो. येता जाता आम्ही सगळ्याच जणी उचलतो.

कोकणकाठ
सापडलं. तुमचं ताट अगदी शहाण्यासारखं आहे. पण उभ्याने, ओट्यापाशी, बोलता बोलता जे जातं ते तुमच्या हिशेबातच नाही, कारण त्याला ताट नाही. उद्या सकाळी तुटक्यांची परात वजनाला लावा, संध्याकाळी पुन्हा लावा. धंद्याचा काटा आहेच घरात.

आजोबा_६८
आमच्या लहानपणी ताटाभोवती पाणी फिरवून, चित्राहुती घालून मगच पहिला घास. धर्म सोडा, पण भूक आणि घास यांच्यात तेवढी थांबायची जागा होती. परातीतल्या तुकड्याला ती नसते. आणि आमच्याकडे उपासाला एकादशी दुप्पट खाशी, हेही खरं, फार मोठेपणा नको.

साखरफुटाणे
तीन दिवसांनी येतेय. मदतीच्या बायकांना परातीला हात लावू दिला नाही, त्यांना वेगळी वाटी दिली. म्हणजे परातीतून गेलं ते फक्त माझं. पहिला दिवस ९० ग्रॅम. दुसरा ११०. तिसऱ्या दिवशी काटा बघतोय म्हणून लाजेने ६०. चिवड्याची चव आणि लाडवाचं मिश्रण यात धरलेलं नाही. मला खरंच वाटत होतं मी एखादा तुकडा खाते.

अर्धवट_शहाणा
तळलेल्या फराळाला १०० ग्रॅममागे ५०० उष्मांक धरायला हरकत नाही. म्हणजे रोजचं एक जेवण तुम्ही उभ्याने जेवताय. तरी वजन वाढलं नाही, याचं श्रेय तुमच्या ताटाला.

दुपारचीझोप
म्हणून म्हणतो, मधल्या वेळात काही नाही. चव बघायची तर जेवणाच्या ५५ मिनिटांत बघा.

साखरफुटाणे
दादा, घाणा सकाळी अकराला निघतो. त्याला थांब म्हणू?

चिमूटभर_हिंग
पूर्ण बंद करू नका, चौथ्या दिवशी परातीवर तुटून पडाल. मी मिठाईच्या दुकानात हिशेब लिहायचे तेव्हा एक केलं होतं. तुटकं खायचं नाही. चारच्या चहाला एक अख्खी, सगळ्यांत सुबक चकली बशीत घेऊन, खुर्चीत बसून खायची. हात पुन्हा गेला तर उठून बशी आणावी लागते, तेवढ्यात निम्म्या वेळा जीव शांत होतो. चवीसाठी चहाचा चमचा ठेवा, मुठीने नाही. आणि तुटक्या लगेच डब्यात, डबा माळ्यावर.

कमळाबाई
मला वजनाचं कळत नाही. पण एवढ्या चकल्या तुटतात कशा? मोहन जास्त पडतंय. तेल जास्त झालं की चकली खुसखुशीत वाटते पण सोऱ्यातून पडताना आणि तेलात सुटते. कमी झालं की दगड. भाजणीच्या वाटीला एक मोठा चमचा कडकडीत मोहन बस झालं. उकड निवली की पाण्याचा हात लावून पुन्हा मळायची, कोरडी राहिली तरी तुकडे पडतात.

जर्सीकर
एअर फ्रायरमध्ये तुटत नाहीत.

कमळाबाई
एअर फ्रायरमध्ये होते ती चकली नव्हे.

साखरफुटाणे
कमळाबाई, पाया पडते. मदतीची नवी बाई अंदाजाने मोहन घालत होती, दीडपट पडत होतं. काल मोजून घातलं. चार किलोच्या घाण्यात तुटक्या जेमतेम पावशेर, एरवी पाऊण किलो असायच्या. त्यांची ५० ग्रॅमची पाकिटं करून समोरच्या शाळेच्या रिक्षावाल्या काकांना निम्म्या भावात दिली, त्यांनी उद्याचीही सांगून ठेवलीत.
गोळी पहाटे साडेपाचला पाण्याबरोबर घेते, चहा साडेसहाला. रक्त उद्या द्यायचंय. चारची चकली बशीत खाल्ली, सात मिनिटं पुरली. लाडू वळताना मात्र तोंडात लवंग ठेवावी लागली.

अर्धवट_शहाणा
आणि ७३?

साखरफुटाणे
दिवाळीला चार आठवडे आहेत. ७५ दिसले तरी चालेल. रविवारी सांगते.

नागपुरी_तर्री
भाव राहिला ना ताई.