यलोस्टोनचं रंगीत कुंड आई-बाबांना नीट कसं दाखवावं?

सॉल्टलेकवासी
आई-बाबा साताऱ्याहून आलेत. जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना घेऊन यलोस्टोनला (अमेरिकेतल्या गरम झऱ्यांच्या राष्ट्रीय उद्यानात) जायचं ठरतंय, मुक्काम वेस्ट यलोस्टोन गावात. बाबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रँड प्रिझमॅटिक या तिथल्या गरम पाण्याच्या कुंडाचा तो निळा-पिवळा-केशरी फोटो बघितलाय आणि "हे दाखव, बाकीचं राहिलं तरी चालेल" असं म्हणतात. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती व्यवस्थित चालते, चढ आला की थांबत थांबत. ऑफिसातला एक जण म्हणतो की जवळ गेल्यावर नुसती वाफ दिसते, रंग कुठेच नाहीत. खरं काय? गर्दी टाळायला पहाटे गेलेलं बरं का? आणि बाबांनी पंचा भरून ठेवलाय, वज्रेश्वरीसारखी आंघोळ करता येईल म्हणून. त्यांना काय सांगू?

मंजिरी_बॉयसी
तुमचा ऑफिसातला मित्र नक्की सकाळी गेला असणार. ती जागा 2,200 मीटर उंचीवर आहे, जूनमध्येही पहाटे स्वेटर लागतो. गार हवेत कुंडावर वाफेचा असा पडदा धरतो की पलीकडचा माणूस दिसत नाही. बाकी सगळीकडे पहाटे जा, इथे मात्र ऊन वर आल्याशिवाय जाऊ नका. भर दुपारी रंग सगळ्यात छान दिसतात, पण तेव्हा पार्किंगसाठी रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. म्हणून मी पाहुण्यांना चारच्या पुढे नेते. जूनमध्ये सूर्य नऊला मावळतो, त्यामुळे तेव्हाही ऊन भरपूर असतं.

आता मुख्य गोष्ट. फोटोतलं दृश्य कुंडाजवळून दिसतच नाही. मिडवे गीझर बेसिनमध्ये, म्हणजे कुंड आहे त्या भागात, लाकडी फळ्यांची वाट आहे, तिथे आपण पाण्याच्याच पातळीला असतो. कुंड जवळजवळ 100 मीटर रुंद, त्यामुळे समोरचा काठ दिसतो आणि मधला निळा भाग वाफेतून अधूनमधून डोकावतो. पूर्ण गोल बघायचा तर फेअरी फॉल्सच्या पार्किंगमधून वरच्या ओव्हरलुकला (उंचावरून बघायच्या जागेला) जायचं. एका बाजूने साधारण 1 किलोमीटर. सुरुवातीची वाट सपाट आहे, शेवटी चढ, तोही एकूण 32 मीटरच. काकूंना घाई न करता जमेल असं मला वाटतं, काठी मात्र घ्या. दोन्ही झेपणार नसेल तर खालचं सोडा, वरचं सोडू नका. (ओव्हरलुकची वाट अस्वलांमुळे मे महिन्याच्या अखेरीपर्यंत बंद असते, जूनच्या शेवटी तो प्रश्न नाही.)

खाली गेलातच तर मान वर करून फोटो काढत बसू नका, पायाशी बघा. फळ्यांच्या दोन्ही बाजूंना बोटभरही खोल नसलेलं पाणी सरकत असतं आणि त्याखाली सूक्ष्मजीवांची केशरी-तपकिरी साय धरलेली असते, बारीक बारीक पायऱ्यांची. त्यावर गव्यांच्या खुरांचे ठसे असतात आणि वाऱ्याने उडालेल्या टोप्या पडलेल्या असतात. त्या कोणी उचलायच्या नाहीत, कारण खालचा कवच पापुद्र्याइतका पातळ असू शकतो. 2016 मध्ये यलोस्टोनच्याच नॉरिस भागात वाट सोडून गेलेला एक तरुण कुंडात पडला, त्याचा देहसुद्धा हाती लागला नाही. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, तेव्हा काकूंचा हात धरा.

काकांना सांगा, पंचा बॅगेतच राहू दे, यातल्या कुठल्याही कुंडात उतरायला कायद्यानेच बंदी आहे. सॉल्ट लेकहून येता-जाता आयडाहोत लाव्हा हॉट स्प्रिंग्ज लागतं, तिथे भरपूर डुंबा. गंधकाचा वासही येत नाही. हो, आणि काकांच्या खिशातली नाणी काढून घ्या. माझे सासरे गोदावरीच्या पुलावर टाकतात तशी हात जोडून इथेही टाकायला निघाले होते! मॉर्निंग ग्लोरी नावाचं निळंशार कुंड लोकांनी नाणी आणि कचरा टाकून टाकूनच बिघडवलं. खालची छिद्रं बुजली, पाणी निवलं आणि कडेचा पिवळा रंग आत सरकला.

खडकवेडा
मंजिरीताईंना अनुमोदन. रंगांचं थोडं सांगतो, बाबांना गाडीत ऐकवायला बरं. मधलं पाणी इतकं तापलेलं असतं की त्यात रंगीत थर धरणारे जिवाणू टिकत नाहीत, म्हणून ते स्वच्छ निळं दिसतं. कडेकडे निवत जातं तसे वेगवेगळे सूक्ष्मजीव राहायला येतात, आधी पिवळे, मग केशरी, मग तपकिरी. म्हणजे रंग हाच थर्मामीटर. तिथल्याच गरम पाण्यातून 1966 मध्ये मिळवलेल्या एका जिवाणूचं विकर (एन्झाइम) पुढे पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायच्या पद्धतीला, कामी आलं. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी आरटी-पीसीआर केली ना, तिचं मूळ इथे.

वज्रेश्वरीशी तुलना मात्र फसवी आहे. आपला दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच थंड झालेला. कोकणातलं पाणी भेगांतून खूप खोल जातं आणि तिथल्या उष्णतेने तापून वर येतं. यलोस्टोनखाली मात्र काही किलोमीटरवर खरोखरचा शिलारस आहे. यलोस्टोनमधल्याच बिस्किट बेसिनमध्ये 23 जुलै 2024 ला वाफेचा स्फोट होऊन फळ्या उडाल्या होत्या, लोक पळत सुटले. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. निघण्यापूर्वी कुठला भाग बंद आहे ते पार्कच्या साइटवर बघा.

सॉल्टलेकवासी
दोघांचे मनापासून आभार. पंच्याचं प्रकरण आईवर सोपवलंय. दुसऱ्या दिवशी नॉरिस करू की वेस्ट थंब?

मंजिरी_बॉयसी
काकूंसाठी वेस्ट थंब, डोळे मिटून. नॉरिस मला स्वतःला जास्त आवडतं, पण तिथे चढ-उतार फार आणि वासही उग्र. वेस्ट थंबला फळ्यांची वाट बरीचशी सपाट, कुंडं अगदी तळ्याच्या काठाला लागून. तिथलं ब्लॅक पूल पूर्वी काळपट दिसायचं. 1991 मध्ये पाणी एकदम तापलं, जिवाणू मेले आणि ते निळं झालं, नाव तेवढं जुनंच राहिलं. जाताना ओल्ड फेथफुल हा गरम पाण्याचा गीझर वाटेतच आहे. त्याचा फवारा साधारण दीड तासाने उडतो, अंदाजे वेळ लावलेली असते. समोर बाकं आहेत, काकूंना तिथे बसवा आणि तुम्ही दोघं मॉर्निंग ग्लोरीपर्यंत चालून या. जाऊन-येऊन दोन तास धरा, आणि काकूंजवळ पाण्याची बाटली ठेवायला विसरू नका, तिथे सावली कमी आहे.