किल्ली पेटीत ठेवून चालणाऱ्या घराला 'होमस्टे' म्हणायचं का?

खालचा पाट:
गुहागरात आमचं घर रस्ता आणि समुद्र यांच्यामधल्या आगरात आहे. गेल्या काही वर्षांत शेजारची पाच घरं दिवसावर भाड्याने जायला लागली. तीन घरांत यजमान स्वतः राहतात. उरलेल्या दोघांत कुणीच नसतं. किल्ली फाटकाजवळच्या पेटीत, पेटीचा आकडा पाहुण्याच्या मोबाइलवर.

गेल्या एप्रिलमध्ये त्यातल्या एका घरात चौदा जण उतरले. रात्री दीडला खळ्यात स्पीकर चालू. माझी आई ८२ वर्षांची. ती बॅटरी घेऊन गडग्यापाशी गेली आणि "बाळांनो, जरा हळू लावा रे" म्हणत उभी राहिली. आवाजात कुणाला ऐकूच गेलं नाही. मालकाचा फोन बंद. यजमान घरात असता तर ही वेळ आली नसती.

२०१९ च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या स्थानिकांना होमस्टेची मुभा आहे, तीही आहे त्या घरात, जोतं आणि दर्शनी भाग न बदलता. त्यात राहतं घरच धरलेलं दिसतं. म्हणून माझं मत असं, की जिथे कुणी राहत नाही ते घर दिवसावर देऊ नये.

बोरिवली ते चिपळूण:
पूर्ण असहमत. आमचं घर वडिलोपार्जित, सातबारावर अकरा नावं. गणपती आणि शिमगा सोडला तर वर्षभर कुलूप. माकडं कौलं फोडायची, पावसाळ्यात माजघरात पाणी, तुळयांना वाळवी. शाकारणीचा खर्च कोण करणार यावरून भावकीत अबोला. तीन वर्षांपूर्वी घर भाड्याने द्यायला लागलो, त्या पैशांतून वासे बदलले. शेजारच्या काकू झाडलोट करतात, सांगितलं तर घावणे-चटणी करून देतात, त्यांचे पैसे त्यांना. तुमच्या नियमाने हे घर दोन पावसाळ्यांत बसेल. स्पीकरवाल्यांवर तक्रार करा, आमच्या छपरावर कशाला?

रहाट:
आवाज सकाळी थांबतो. पाण्याचं बोला. किनाऱ्यालगतच्या वाळूच्या पट्ट्यात गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल, तर तेवढ्याच्या बळावर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा थर टिकतो. म्हणजे वरचं थोडं खेचलं तरी खालचं खारं बरंच वर चढतं. आमच्या विहिरीवर मे महिन्यात घरचे पाच जण दोन हंडे, चार बादल्यांत भागवतात. पलीकडच्या बंगल्यात समुद्रावरून आलेले बारा जण दोन-दोनदा शॉवर घेतात आणि पंप तासन् तास चालतो. गेल्या वर्षी चहाला मचूळ चव आली तेव्हा आधी वाटलं दूध नासलं.

सोलकढी:
मी पाहुणी म्हणून लिहिते. सासऱ्यांचं पथ्य, मुलगा दोन वर्षांचा. हॉटेलच्या खोलीत पेज शिजवता येत नाही. पूर्ण घर मिळतं म्हणून आम्ही कोकणात चार दिवस राहू शकतो, नाहीतर सकाळी येऊन संध्याकाळी परत. चार दिवसांत मासळी, नारळ, कोकम, आगळ सगळं गावातच घेतो. असं घर बंद केलंत तर आमच्यासारखे येणारच नाहीत.

माजघर:
मी यजमानीण आहे, दापोली तालुका. धागाकर्त्यांनी "यजमान घरात असता तर" लिहिलंय, त्या यजमानाच्या मागे कोण असतं ते सांगते. पहाटे पाचला उकड, दहाला सुरमई साफ करायची, दुपारी तीनला "ताई, चहा". स्वतःच्या घरात न्हाणीघरासाठी थांबायचं. मुलीची दहावी होती त्या वर्षी ती काकाकडे जाऊन राहिली. पैसा मिळतो आणि मला तो हवाच आहे. पण मागची वेगळी दोन खोल्यांची जागा स्वयंपाकघरासकट देऊन टाकली, तेव्हापासून मी रात्रीचं जेवण गरम जेवते. कुणीतरी बाई चोवीस तास हजर असण्यावर गावाची शिस्त टांगू नका.

खालचा पाट:
माजघर, तुमचं वाचून गप्प झालो. आमच्या शेजारच्या तीन घरांत हे सगळं वहिनीच करतात आणि मी ते कधी मोजलं नाही. मत बदलतो. यजमान त्याच छपराखाली हवा हा हट्ट सोडला. पण रात्री हाक मारली तर पाच मिनिटांत येईल असा गावातला माणूस हवा आणि त्याचा नंबर फाटकावर हवा. माणसांची संख्या विहीर बघून ठरवावी, गाद्या किती मावतात त्यावरून नाही. वेळास गावात कासवांची पिल्लं समुद्रात जातात, त्या मोसमात लोक गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. पाहुणा कुणाच्या घरी आहे हे गावात माहीत असतं, मला तेवढंच हवंय.

बोरिवली ते चिपळूण:
नंबराचं मान्य. काकूंचा मुलगा तयार होईल, त्यालाही काही देऊ. पाहुणे बारावरून आठवर आणायला भावकीला पटवावं लागेल. पंप मात्र बंद ठेवणार नाही.

रहाट:
बंद ठेवू नका. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, आणि वर टाकी. टाकी संपली की संपली, हे पाहुण्यांना बुकिंगच्या वेळीच सांगा.

बोरिवली ते चिपळूण:
टाकी हजार लिटरची आहे. आठ जणांना पुरेल का ते या मे महिन्यात स्वतः राहून बघतो.