मदत हवी आहे: पहिली-दुसरीच्या वाचनाचं प्रशिक्षण केंद्रातल्या शिक्षकांना द्यायचंय, नेमकं काय करू?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात झेडपी शाळेवर आहे, शाळा द्विशिक्षकी, पहिली-दुसरी माझ्याकडे. यावेळी सुलभक म्हणून माझं नाव गेलंय (कुणी दिलं विचारू नका, प्रशिक्षणात दोन प्रश्न जास्त विचारले की असं होतं). आता केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या) शिक्षकांना पायाभूत साक्षरतेचं, म्हणजे मुख्यतः वाचनाचं, प्रशिक्षण मी द्यायचंय.

अडचण अशी की राज्यावरून जिल्हा, जिल्ह्यावरून तालुका, तालुक्यावरून केंद्र, प्रत्येक टप्प्यावर ताकात पाणी पडत जातं आणि माझ्या हातात शेवटी पीपीटी उरलीये. त्यात निपुण भारत या सरकारी अभियानाची ध्येयं आहेत, तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचले पाहिजेत वगैरे, ते सगळं बरोबर आहे, पण तिथपर्यंत पोचायचं कसं ते कुठंच नाही. दीक्षा ॲपवर निष्ठाचे (शिक्षक प्रशिक्षणाचे) कोर्सही सगळ्यांनी केलेत, सर्टिफिकेटं प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत, व्हिडिओ किती जणांनी पाहिले ते आपापल्या मनाला विचारावं.

आणि वर्गात काय चाललंय? माझ्याकडे एक लेकरू आहे, दुसरीतलं, फळ्यावर "मामा" लिहिलं की मोठ्यांदा म्हणतं "म ला काना मा, म ला काना मा" आणि गप्प बसतं. मामा हा शब्द काही त्याच्या तोंडून निघत नाही, आणि हे लेकरू घरी दिवसभर मामा मामा करतं हो. दुसरी एक पोरगी अख्खा धडा बोट फिरवत वाचते, मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून हा कोणता विचारलं की धड्याच्या सुरुवातीपासून म्हणत येते. पाठ झालाय तिला. साहेब आले तेव्हा तिलाच उभी केली होती, खुश होऊन गेले.

तर माझं विचारणं एवढंच की एका दिवसात शिक्षकांना काय दिलं तर ते सोमवारी वर्गात खरंच करतील? आणि नंतर विचारणारं कोण? त्यात आमच्याकडची निम्मी लेकरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात ती मार्चशिवाय येत नाहीत. कुणी असं काम केलं असेल तर सांगा. "शिक्षकांनी मनापासून काम करावं" असले सल्ले नकोत प्लीज, ते आमच्याकडे भरपूर आहेत.

जुना_केंद्रप्रमुख

ताई, रिटायर झालोय म्हणून मोकळं बोलतो. पीपीटी विसरा. केंद्रातली एखादी शाळा निवडा, प्रशिक्षण शाळा चालू असलेल्या दिवशी तिथंच ठेवा, आणि सकाळी पहिलं काम म्हणजे प्रत्येक शिक्षकाने दोन-तीन पोरांना जवळ बसवून वाचायला लावायचं. असर या पाहणीत पोरांकडून वाचून घेतात तो कागद माहितीच असेल, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. पोर कुठं अडकतं ते शिक्षकाने स्वतः कानाने ऐकलं ना की दुपारच्या चर्चेला अर्थ येतो, नाहीतर सगळे म्हणतात "आमच्याकडं तसं काही नाही". देशभरच्या सरकारी शाळांत दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी तिसरीतली मुलं असरच्या पाहणीत 2022 ला 16.3 टक्के होती, 2024 ला 23.4 झाली. वाढ चांगली आहे, पण म्हणजे चारातली तीन अजून वाचत नाहीत, आणि आपल्या केंद्रात सगळं आलबेल?

दुसरं, तुमचा "नंतर विचारणारं कोण" हा प्रश्नच खरा प्रश्न आहे. प्रथम या संस्थेने बिहार आणि उत्तराखंडात सरकारी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, पुस्तकं दिली, आणि अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी वगैरे मंडळींनी त्याचं मोजमाप केलं. वर्षभराच्या वर्गात फार काही हललं नाही, शिक्षक परत अभ्यासक्रम संपवायच्या मागे. गंमत म्हणजे बिहारात तेच सरकारी शिक्षक उन्हाळी शिबिरात शिकवायला लागले तर पोरं वाचायला लागली. म्हणजे शिक्षकाला येत नव्हतं असं नाही, शाळेच्या दिवसात त्या कामाला जागाच नव्हती. मग 2012-13 ला हरियाणात रोजचा एक तास फक्त यासाठी राखून ठेवला, तिसरी ते पाचवीची पोरं इयत्ता सोडून पातळीप्रमाणे बसवली, आणि देखरेख करणाऱ्या साधनव्यक्तींना आधी स्वतः पंधरा-वीस दिवस वर्गात हेच शिकवायला लावलं. तिथं हिंदी वाचन सुधारलं. मला यातलं शेवटचं फार महत्त्वाचं वाटतं. ज्याने स्वतः पोराला "मामा" वाचायला शिकवलं नाही तो दुसऱ्याच्या वर्गात जाऊन रजिस्टरच तपासणार. मीही तेच तपासायचो, आम्हाला तेवढंच शिकवलेलं.

गावठी_मिरची

एवढं कशाला, तिसरीला नापास करायला सुरुवात करा, सगळे आपोआप वाचतील.

मेम्फिसवाला

मिरची, मी जिथं राहतो त्या मिसिसिपीत खरंच असा कायदा आहे म्हणून लिहितो. 2013 चा कायदा, तिसरीच्या शेवटी वाचता आलं नाही तर काही अपवाद सोडून मूल पुन्हा तिसरीत. त्या वर्षी चौथीच्या वाचनात हे राज्य देशात 49 वं होतं, 2022 ला 21 वं झालं, आता सगळे त्याला चमत्कार म्हणतात आणि बाहेरच्यांना फक्त नापास करणं दिसतं. पण त्याच्या जोडीला राज्यभरच्या प्राथमिक शिक्षकांना वाचन कसं शिकवायचं याचं लांबलचक प्रशिक्षण दिलं, सर्वात कमजोर शाळांत राज्याने पगार देऊन वाचनाचे कोच पाठवले जे शिक्षकाच्या वर्गात बसतात, आणि तिसरीपर्यंत वर्षातून तीनदा प्रत्येक मुलाची चाचणी घेतात म्हणजे कोण मागे पडतंय ते तिसरीच्या शेवटी कळत नाही, पहिलीतच कळतं. नापास केल्यामुळे आकडे किती फुगले यावर इथे वाद चालूच असतो.

खडूफळा मॅडम, तिकडचं जसंच्या तसं मात्र उचलू नका. इंग्रजीच्या स्पेलिंगची डोकेदुखी मराठीत नाही. घ्यायचाच असेल तर कोच घ्या.

मेळघाटी

मी धारणी तालुक्यात आहे, आमची मुलं कोरकू बोलतात, ती भाषा मराठीच्या कुळातलीच नाही, त्यामुळे आमच्याकडे तर "मामा" वाचलं तरी पुढं प्रश्न असतो की कळलं का. पण ते सोडा, तुमच्या मुद्द्यावर येते.

तो "म ला काना मा" वाला प्रकार शिकवण्याच्या क्रमातून येतो. आपण आधी अ ते ज्ञ, मग सगळी बाराखडी घोकून घेतो, आणि शब्द वाचायला दिवाळी उजाडते. त्याऐवजी थोडीच अक्षरं आणि एक मात्रा एकत्र घ्या. समजा म, क, ब, ल आणि काना. एवढ्यात मामा, काका, बाबा, काम, लाल, काल, मला, कमाल, बालक होतात. पुढच्या गटात न, र आणि दीर्घ वेलांटी आली की नाक, कान, बकरी, बारीक, कमान. मूल पहिल्या आठवड्यातच खरा शब्द वाचतं आणि त्याला कळतं की अक्षरांमागे काहीतरी बोलणं आहे. "मा" हा एकदम एक आवाज म्हणून दाखवायचा, म आणि काना असा हिशोब मांडून नाही. फलटणची प्रगत शिक्षण संस्था आणि वाड्याजवळ सोनाळ्याची क्वेस्ट ही संस्था यांनी मराठी वाचनावर वर्षानुवर्षं काम केलंय, त्यांचं साहित्य जरूर बघा.

त्याच्याही आधी तोंडी खेळ. बकरीतला ब काढला तर काय उरलं, टाळी वाजवत क-म-ळ, शेवटचा आवाज कोणता. याला पाटी-पुस्तक काहीच लागत नाही, पोषण आहाराच्या रांगेतसुद्धा होतं. आणि रोज एक गोष्ट शिक्षकाने स्वतः मोठ्याने वाचून दाखवायची, हे बऱ्याच जणांना टाइमपास वाटतं पण शब्द तिथूनच येतात.

60 शब्दांचं मात्र जपून. आमच्या इथं एका शाळेत स्टॉपवॉच लावून पोरं पळवायला लागले, वाचून झाल्यावर "कोण हरवलं होतं गोष्टीत?" विचारलं तर कुणालाच माहीत नाही.

खडूफळा

सगळ्यांचे आभार, मेळघाटी ताई तुमचा अक्षरगट उद्याच करून बघते. केंद्रप्रमुख सर, रोजचा तास पटतंय पण तो काढायचा कुठून? ऑनलाइन माहिती भरा, बीएलओचं (मतदार यादीचं) काम, परत दोन शिक्षकांत चार वर्ग, एक जण मीटिंगला गेला की दुसरा चारही सांभाळतो. आणि ऊसतोडीच्या लेकरांचं कुणीच बोललं नाही.

जुना_केंद्रप्रमुख

दोन शिक्षक असतील तर उलट सोपं, परिपाठानंतर लगेच चारही वर्ग मिसळून दोन गट करा, अक्षर-शब्दवाले एकाकडे, परिच्छेद-गोष्टवाले दुसऱ्याकडे. चौथीतलं पोर शब्दावर अडकलं असेल तर ते पहिल्या गटात बसेल, लाजत असेल तर त्याला लहानांना अक्षरकार्डं वाटायचं काम द्या, तो आपोआप शिकतो. एक जण मीटिंगला गेला त्या दिवशी जोडीवाचन लावा.

पाठपुराव्यासाठी दर महिन्याची शिक्षण परिषद आहेच की. तिथं परिपत्रकं वाचून दाखवण्यात दुपार जाते, ती व्हॉट्सॲपवर टाका. परिषदेला प्रत्येकाने आपल्या एका अडलेल्या पोराचं नाव आणि ते कुठं अडलंय एवढंच घेऊन यायचं, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. तुमच्या केंद्रप्रमुखांना आधी विश्वासात घ्या, नाहीतर त्यांना वाटेल ह्या मॅडम आमची परिषद चालवायला निघाल्या.

ऊसतोडीच्या पोरांसाठी जून ते दसरा हाच तुमचा काळ समजा आणि ती नावं पहिल्या गटात वर ठेवा. हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे जी राहू शकतील त्यांच्या घरी सप्टेंबरातच जाऊन बोला, कोयता (तोडणीची जोडी) ठरल्यावर, उचल (आगाऊ पैसे) घेतल्यावर कोणी ऐकत नाही. जाणाऱ्यांना शिक्षण हमी कार्ड देताच, त्याला एक साधा कागद जोडा, पोराला कोणते अक्षरगट येतात आणि कुठं थांबलंय. नुसतं "इयत्ता दुसरी" वाचून कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकाला काही कळत नाही.

खडूफळा

कागदाचं उत्तम सुचवलंत सर. त्याचा नमुना कुणाकडे तयार असेल तर इथंच टाका, नाहीतर मीच बनवते आणि टाकते. मेळघाटी ताई, जोडाक्षरं आणि रफार तुम्ही कितव्या गटानंतर घेता? आमच्या इथं त्यावरून भांडण होणार आहे हे नक्की.

मेळघाटी

सगळ्या मात्रा हाताखालून गेल्यावर, घाई नाही. आधी एकाच अक्षराची जोडी, पक्का, कच्चा, अण्णा, गल्ली, मुलांच्या तोंडात असतात ते शब्द. मग पुस्तक, रस्ता असले. रफार सगळ्यात शेवटी, कारण तो लिहायचा पुढच्या अक्षरावर आणि म्हणायचा त्याच्या आधी. भांडण झालं तर प्रत्येकाला आपापल्या वर्गातल्या पोराकडून "सूर्य" वाचून घ्यायला सांगा, मग बोला म्हणावं.