मदत हवी आहे: क्रूझवर रोज संध्याकाळी सहाजणांनी जेवायचं कुठे? (कांदा-लसूण वर्ज्य + मधुमेह + मुलं)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये आम्ही बार्सिलोनाहून सात रात्रींच्या क्रूझवर निघतोय. रॉयल कॅरिबियनचं ओअॅसिस वर्गातलं मोठं जहाज आहे. पाल्मा, मार्से, ला स्पेझिया (इथून फ्लॉरेन्स-पिसा), चिवितावेक्किया (इथून रोम), नेपल्स, मग एक अख्खा दिवस समुद्रात आणि परत बार्सिलोना. तिकिटं, व्हिसा, केबिन सगळं झालंय. घोडं अडलंय ते रात्रीच्या जेवणापाशी.

आम्ही दोघं, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचाचा आणि सांगलीहून येणारे आई-बाबा. आम्ही इथे स्टुटगार्टजवळ राहतो, ते दोघं दोन महिन्यांसाठी येतायत.

आईचा चातुर्मास कडक असतो. कांदा, लसूण, वांगं बंद. एकादशी धरते आणि आमच्या आठवड्यात नेमकी एकादशी येतेय. अंडं तिने जन्मात खाल्लेलं नाही, केकमधलंसुद्धा नाही. बाबांना मधुमेह आहे, रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन घेतात. घरी साडेसात म्हणजे साडेसातला पानं मांडलेली असतात. नवरा आणि मुलं काहीही खातात, त्यांची काळजी नाही.

आता बुकिंगमध्ये विचारतायत की 'ट्रॅडिशनल' जेवण (रोज ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल) हवं की 'माय टाइम' (वेळ आपण निवडायची). त्याशिवाय विंडजॅमर नावाचा बुफे आहे, पिझ्झाचं दुकान आहे, आणि वेगळे पैसे देऊन जायची स्टेक, इटालियन, जपानी अशी रेस्टॉरंटं आहेत. त्यांची पॅकेजं आत्ता घेतली तर स्वस्त पडतील अशा मेल रोज येतायत. नवऱ्याचं म्हणणं, रोज संध्याकाळी जहाजावर चढलो की बघू, बुफेत सगळं असतं. मला ते पटत नाहीये. रोम, फ्लॉरेन्स हे दिवस दमवणारे आहेत. दमलेल्या सहाजणांनी सात वाजता 'आज कुठे?' यावर चर्चा करायची आणि तोवर बाबांची साखर खाली यायची, हे मला नको आहे.

खरं सांगायचं तर मनात आणखी एक आहे. दिवसभर आम्ही पांगलेलेच असणार. मुलं पोहायला, नवरा त्यांच्यामागे, आई-बाबा डेकवर. सहाही जण एका टेबलाशी बसतील अशी वेळ रात्रीच्या जेवणाचीच. त्या वेळी आम्ही चार-चार पदार्थ मागवतोय आणि आई समोर कलिंगडाच्या फोडी घेऊन बसलीय, असं चित्र मला नको आहे. ती तक्रार करणार नाही. 'मला फारशी भूक नाही गं' म्हणेल आणि केबिनमध्ये जाऊन राजगिऱ्याचा लाडू खाईल. म्हणून आधीच विचारतेय.

ट्रॅडिशनल घ्यावं की माय टाइम? बुफेत आईचं भागेल का? पैसे भरून एखादी संध्याकाळ बाहेरच्या रेस्टॉरंटात घालवण्यात अर्थ आहे का? आणि एकादशीचं काय करायचं? ज्येष्ठ मंडळींना घेऊन कुणी गेलं असेल तर जरूर लिहा.

दर्यावर्दी

ताई, मी अशा जहाजांवर बरीच वर्षं गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, काम केलंय. मूळचा मडगावचा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका गोष्टीवर ठरतं: कुठलं अन्न आधी शिजवून ठेवलेलं असतं आणि कुठलं तुमच्या सांगण्यावरून बनतं.

बुफेतलं सगळं आधी शिजलेलं असतं. विंडजॅमरमध्ये भारतीय पदार्थ असतात, डाळ-भात मिळेल, एखादी उसळ नाहीतर पनीर मिळेल. पण तो मसाला मोठ्या भांड्यात एकदाच होतो आणि त्यात कांदा-लसूण पडलेला असतोच. तिथे उभ्या असलेल्या मुलाला तुम्ही कितीही गोड बोललात तरी तो त्यातून लसूण काढून देऊ शकत नाही. त्यामुळे यजमानांना सोयीचा वाटणारा बुफे आईंसाठी सगळ्यात गैरसोयीचा आहे. शिवाय वयस्कर माणसांनी गर्दीत ताटली हातात घेऊन फिरायचं आणि सहाजणांना पुरेल असं टेबल शोधायचं, हेही आलंच.

मेन डायनिंग रूममध्ये, म्हणजे ट्रॅडिशनल आणि माय टाइम ही दोन्ही जेवणं जिथे होतात तिथे, तुम्ही बसता आणि वाढणारे येतात. तिथे हेड वेटरला पहिल्याच दिवशी भेटा. जहाजावर चढल्यावर दुपारीच जा, रात्रीच्या गर्दीत नको. त्याला आईंचा नियम सांगा. तो रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा मेनू तुमच्यापुढे ठेवतो, त्यातलं काय हवं ते आदल्या रात्री सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी ते वेगळं बनून येतं. मेनूवर नसलेली साधी भारतीय शाकाहारी भाजी, डाळ, भात हेही असं सांगून मिळतं. बुकिंगमध्येही आहाराची नोंद आत्ताच करून टाका. पण खरं काम त्या हेड वेटरशी बोलूनच होतं.

आणि हो, क्रूमध्ये गोव्याचे, मुंबईचे लोक हमखास भेटतात. मराठी किंवा कोकणी कानावर पडलं की आमच्या लोकांना फार बरं वाटतं. बोला त्यांच्याशी.

खमंग

दर्यावर्दी यांच्या प्रतिसादाला +१. एक भर घालते. बरेच जण सल्ला देतात की सरळ 'जैन' म्हणून सांगा, क्रूला लगेच कळतं. आमच्याबरोबरच्या एका कुटुंबाने मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलिया क्रूझवर तसं सांगितलं होतं आणि त्यांचं उत्तम झालं, तिथे जैन जेवणाची पद्धतच बसलेली आहे. पण तुमच्या आईंसाठी असं सांगू नका. जैन म्हटलं की बटाटा, गाजर, बीट, मुळा सगळं जाईल, आणि एकादशीला तर तुम्हाला बटाटाच हवाय. 'शाकाहारी, अंडं नाही, कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही, बटाटा चालतो' असं इंग्रजीत मोठ्या अक्षरात एका कार्डावर लिहून घ्या आणि ते कार्ड रोज टेबलावर ठेवा.

लपलेल्या गोष्टीही सांगून ठेवते. भाज्यांचं सूप दिसलं तरी ते कोंबडीच्या रशात केलेलं असू शकतं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही मासे असतात. मूस, पन्नाकोटा, काही चीजकेक यांत जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. पार्मेझान चीज वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या जठरातल्या दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, जमवलेलं असतं, ते आईंना चालतं का हे घरीच विचारून ठेवा, म्हणजे टेबलावर घोळ नको. थंड फळांची सुपं बऱ्याचदा मेनूवर असतात, माझ्या सासूबाईंना ती फार आवडली होती. पण तीही विचारूनच घ्या.

इटालियन रेस्टॉरंट म्हणजे शाकाहारींची चंगळ असं आपण धरून चालतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची तिथे पंचाईत होते, कारण पास्त्याचा सॉस आधीच तयार असतो. आणि सशुल्क रेस्टॉरंटच्या दरावर १८ टक्के सेवाशुल्क वर लागतं. जी व्यक्ती दोन पदार्थसुद्धा खाऊ शकणार नाही तिचे पूर्ण पैसे का भरायचे? माझं मत स्पष्ट आहे: सातही रात्री मेन डायनिंग रूम. त्याचे पैसे तिकिटात भरलेलेच आहेत.

अबोली

मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून फक्त काकांबद्दल लिहिते. तिथलं जेवण टप्प्याटप्प्याने येतं: ब्रेड, मग सूप किंवा सॅलड, मग मुख्य पदार्थ, मग गोड. दीड तास सहज जातो. बसल्या बसल्या इन्सुलिन घेतलं आणि पोटात पहिला खरा घास पाऊण तासाने गेला तर साखर खाली येऊ शकते. काका कुठलं इन्सुलिन घेतात त्यानुसार ते नेमकं कधी टोचायचं, हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. वेटरला सांगितलं तर काकांचं सूप, भात आधी आणून देतात.

खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असू द्या. इन्सुलिन हातातल्या सामानातच हवं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. वापरलेल्या सुया टाकायचा डबा केबिन सांभाळणाऱ्या माणसाकडे मागितला की मिळतो. साखर न घातलेला गोड पदार्थही डायनिंग रूममध्ये असतो. पण त्यात पीठ असू शकतं, हे काकांच्या कानावर घाला.

कृष्णाकाठ

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! 'बुफे आईंसाठी सगळ्यात गैरसोयीचा' हे वाचून नवऱ्यालाही पटलं. म्हणजे जागा ठरली. आता वेळ. ट्रॅडिशनलमध्ये रोज तेच टेबल आणि तेच वेटर, हे आईसाठी चांगलं. पण त्यात पहिली पंगत सहाच्या आसपास आणि दुसरी आठ-साडेआठला. सहाला मुलांना भूक नसते, आणि साडेआठ बाबांना फार उशीर. मग काय करावं?

शिवाय मुलांना ते जपानी हिबाची बघायचंच आहे, आचारी समोर तव्यावर करतो ते. त्यांचं मन मोडवत नाही.

आणि एकादशी राहिलीच.

दर्यावर्दी

माय टाइम घ्या, पण ते ट्रॅडिशनलसारखं वापरा. क्रूझ कंपनीच्या अॅपमध्ये सातही रात्रींचं एकाच वेळेचं आरक्षण आत्ताच करून टाका, म्हणा सात वाजता. पहिल्या रात्री ज्या वेटरच्या टेबलावर बसाल तो आवडला तर उठताना हेड वेटरला सांगा, आम्हाला रोज इथेच द्या. सहाजणांचं टेबल, रोजची ठरलेली वेळ आणि विशेष आहार, एवढं असलं की तेही खूश असतात. त्यांचंही काम सोपं होतं.

वेळ ठरवण्याआधी शो बघून घ्या. या वर्गाच्या जहाजांवर थिएटर, बर्फावरचे खेळ, पाण्यातले खेळ हे सगळं फुकट असतं, पण जागा आधी राखून ठेवावी लागते. आठचा शो आणि सातचं जेवण हे जमत नाही. उशिराचा शो घ्या, किंवा त्या दिवशी जेवण सव्वासहाला.

हिबाचीसाठी संध्याकाळ मोडू नका. पूर्ण समुद्रात असतो त्या दिवशी सशुल्क रेस्टॉरंटांतली काही दुपारीही उघडतात, आणि दुपारचा दर कमी असतो. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दर आणखी कमी. यजमान आणि मुलं दुपारी जाऊन येतील, आई-बाबा तेवढा वेळ आराम करतील. पॅकेज घेण्याची घाई नको. जहाज निघायच्या आधी दर वर-खाली होत राहतात, घेतलेलं रद्द करून कमी दराने परत घेता येतं.

खमंग

एकादशीचं सांगते. आदल्या रात्री हेड वेटरला सांगायचं: उकडलेले किंवा भाजलेले बटाटे, वर फक्त लोणी, मीठसुद्धा नको. सोबत दही, फळं, गरम दूध. सैंधव, जिऱ्याची पूड आणि दाण्याचं कूट घरून लहान डब्यांत न्यायचं. गरम बटाटा फोडून त्यावर लोणी, कूट, सैंधव घातलं की आईंच्या पानात उपासाचं ताजं, गरम अन्न आलं, आणि तेही सगळ्यांबरोबर.

केबिनमध्ये किटली, इंडक्शन, इस्त्री काहीच चालत नाही, तपासणीत काढून घेतात. म्हणजे तिथे साबुदाणा करायचं डोक्यातून काढा. बंद पाकिटातले लाडू, चिवडा, भाजलेले मखाणे चालतात. एक मात्र लक्षात ठेवा: भारतातून येताना आईंना तूप, पेढे, बर्फी आणू देऊ नका. प्रवाशांना युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप तुम्ही जर्मनीतच घ्या.

कृष्णाकाठ

खमंगताई, बटाटा आणि दाण्याचं कूट! आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मग मला कशाची चिंता. माय टाइम, रोज सात, आरक्षण करून टाकलं.

शेवटचे दोन प्रश्न. रोमच्या दिवशी आम्ही आगगाडीने जाणार आहोत, तेव्हा सातची वेळ जमेल का? आणि नटून-थटून जायची जी रात्र असते तिला बाबांना सूट घालायचा नाहीये, झब्बा चालेल ना?

दर्यावर्दी

झब्बा उत्तम. आईंची पैठणी असेल तर आमचेच लोक फोटो काढायला येतील. नुसती हाफ पँट नको, बाकी कुणी अडवत नाही.

रोम चिवितावेक्कियापासून साधारण ८० किलोमीटर आहे, गाडीला तासभर धरा, वर स्टेशन ते बंदर आणि जहाजावर चढतानाची रांग. त्या एका दिवसाचं आरक्षण पावणेआठचं करा आणि बाबांना चढल्या चढल्या खालच्या कॅफेतलं एखादं सँडविच द्या, ते फुकट असतं. किती इन्सुलिन हे मात्र अबोलीताई म्हणतात तसं डॉक्टरांनाच विचारून. फ्लॉरेन्सला जाणार असाल तर तेही ला स्पेझियाहून लांब आहे, जायला दोन तास. त्याऐवजी पिसा केलंत तर संध्याकाळ मोकळी राहील आणि रोमच्या आदल्या दिवशी सगळे वेळेवर झोपतील.

नेपल्सला मात्र दुपारी बाहेरच जेवा. बंदर शहराला लागूनच आहे. तिथला पारंपरिक मार्गेरिता पिझ्झा म्हणजे टोमॅटो, मोझरेला, तुळशीच्या जातीची पानं आणि तेल, त्यात कांदा-लसूण नसतो. मोझरेलाचं रेनेट चालतं का ते तेवढं आईंना विचारा. आणि मारिनारा मागवू नका, त्यात चीज नसतं पण लसूण असतो.