मागची जागा मंडळाला ऑफिससाठी द्यायची का?

ए-१०१ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी, चौकातल्या मंडळाची मुलं काल अर्ज देऊन गेली. पंपरूमशेजारची रिकामी जागा ऑफिससाठी ३० वर्षांच्या लीजवर मागतायत, बांधकामाचा खर्च ते करणार. मतं कळवा.

सी-३०४: माझा विरोध. रात्री बारापर्यंत ढोल वाजणार, आमच्या बेडरूमच्या खिडक्या त्याच बाजूला आहेत.

बी-२०२: वहिनी, प्रॅक्टिस नदीकाठीच होणार, अर्जात तसं लिहिलंय. त्यांचे ढोल, मंडपाचे बांबू सगळं ताडपत्रीखाली भिजतंय हो, मागच्या पावसात ढोलांची किती पानं फुगून फाटली. लॉकडाऊनमध्ये आपल्याकडच्या आजी-आजोबांना औषधं दारापर्यंत ह्याच पोरांनी आणून दिली, जागा द्यायलाच हवी. पण लीज नको, लीज म्हणजे जागेतला हक्कच देऊन टाकला, लिव्ह अँड लायसन्स करूया, म्हणजे नुसती वापरायची परवानगी, ११ महिन्यांची, रजिस्टर करून. आणि त्यांना स्वतःच्या पैशाने पक्कं बांधू द्यायचं नाही. तसं बांधलं की १८८२ च्या ईझमेंट्स ॲक्टचं कलम ६० आडवं येतं, मग दिलेली परवानगी काढून घेणं कठीण. शेड सोसायटीनेच घालायची, पत्र्याची, नटबोल्टवर उभी राहणारी, तीही महापालिकेला विचारून.

डी-५०१: शेड नंतर, आधी जागा आपल्या नावावर आहे का? कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरकडून जागेची मालकी सोसायटीच्या नावे, झालं नसेल तर आपण देणारे कोण

ए-१०१ (सेक्रेटरी): डीम्ड कन्व्हेयन्स झालंय काका, बिल्डरने नाही केलं तरी सरकारी आदेशाने होतं ते, प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव लागलंय.

डी-५०१: मग मंजूर नकाशा काढा. तिथे आरजी (रिक्रिएशन ग्राउंड) दाखवलं असेल तर माझा ठाम नकार, ती सभासदांसाठी सोडलेली मोकळी जागा आहे, तिच्यावर बाहेरच्यांचं ऑफिस नको. आणि मंडळाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का तेही बघा, नाहीतर सही एकाची आणि दोन वर्षांनी कार्यकर्ते दुसरेच.

सी-३०४: रात्री नऊला कुलूप आणि आवारात ढोल नाही, हे करारात येणार असेल तर माझं काही म्हणणं नाही. पोरं चांगली आहेत, ते मलाही माहितीये.

बी-२०२: वहिनी, दोन्ही अटी टाकूच. लाईटचा सबमीटरपण वेगळा घ्यायचा, बिल त्यांनी भरायचं

ए-१०१ (सेक्रेटरी): ठीक. नकाशाची कॉपी उद्या ग्रुपवर टाकतो. आरजी नसेल तर विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस काढू, पूर्ण ५ दिवस आधी. मंडळाच्या दोन मुलांनाही सभेच्या दिवशी बोलावतो, नोंदणीचे कागद घेऊन.