मोटारसायकलच्या मागे ‘पी’ प्लेट पक्की कशी बसवावी? (मेलबर्न)

क्लेटनची स्वार

सर्वांना नमस्कार.

मी मूळची राजगुरुनगरची असून शिक्षणासाठी मेलबर्नला राहते. दोन महिन्यांपूर्वी मला येथे मोटारसायकलचे प्रोबेशनरी, म्हणजे नवख्यांसाठीचे लायसन्स मिळाले; ते असेपर्यंत गाडीवर ‘पी’ अक्षराची पाटी लावावी लागते. वय २१ च्या पुढे असल्यामुळे लाल ‘पी’चे पहिले वर्ष मला लागू नाही, थेट हिरवी ‘पी’ मिळाली आणि ती तीन वर्षे मागे लावून फिरायचे आहे. गाडी जुनी घेतलेली ३९० ड्यूक आहे. तीही चाकणच्या कारखान्यातलीच असल्याने आम्ही दोघी एकाच तालुक्यातून येथे आलो, असे मी गमतीने म्हणते.

अडचण अशी की दोन महिन्यांत माझ्या दोन प्लेटा हरवल्या आहेत. पहिली मी नंबर प्लेटच्या खाली दोन केबल टाय घालून बांधली होती. मोनॅश फ्रीवेवरून घरी आल्यावर पाहते तो दोन्ही टाय जागेवर शाबूत होते, त्यांत प्लेटचे दोन कोपरे अडकलेले होते आणि उरलेली प्लेट गायब होती. दुसरी मी दुहेरी चिकटपट्टीने मडगार्डवर चिकटवली, ती पहिल्याच पावसात सुटली. मोटारीसाठी मिळणारी चुंबकाची प्लेटही आणून पाहिली, पण गाडीच्या मागच्या भागात चुंबक धरेल असे सपाट लोखंड कोठेच नाही.

प्लेट न लावता सापडले तर दंड होतो, आणि प्रोबेशनरी लायसन्सवर बारा महिन्यांत पाच डिमेरिट पॉइंट (नियम मोडल्याबद्दल लायसन्सवर चढणारे दोषांक) झाले की लायसन्सच धोक्यात येते, म्हणून हा प्रश्न मला टाळता येण्यासारखा नाही. मी आठवड्यातून चार दिवस रात्रीची पाळी करते आणि येण्याजाण्याचा बराचसा रस्ता ताशी १०० किलोमीटरचा आहे. फार खर्च न करता, गाडीला नवीन भोके न पाडता, प्लेट कायमची कशी बसवता येईल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

टार्नीटकर

माझे मत सरळ आहे. आपण दोन टाय लावलेत, तेथे चार लावावेत आणि ते पांढरे न घेता काळे घ्यावेत. पांढरे टाय येथील उन्हात काही महिन्यांत ठिसूळ होऊन तुटतात. काळ्यांत काजळी मिसळलेली असल्यामुळे ते ऊन पुष्कळ जास्त सोसतात. मी लाल आणि हिरवी मिळून चार वर्षे अशीच काढली. प्लेटांची जोडी मोटारीसाठी, म्हणजे पुढे-मागे लावण्यासाठी विकली जाते आणि मोटारसायकलला फक्त मागे एकच लागते, तेव्हा दुसरी प्लेट आणि चार टाय सीटखाली ठेवून द्यावेत. गेली तर गेली.

निवृत्त टूलरूम

टार्नीटकरांचा सीटखालच्या जोडीचा सल्ला उत्तम आहे, परंतु चार टायांनी मूळ दुखणे बरे होणार नाही, असे मला नम्रपणे सांगावेसे वाटते. आपल्या प्रश्नातच त्याचे उत्तर आहे. टाय शाबूत राहिले आणि त्यांत कोपरे अडकून राहिले, याचा अर्थ बांधणी हरलेली नाही, प्लेट फाटली.

ही प्लेट म्हणजे साधारण १५ सेंटीमीटर चौरस असा प्लॅस्टिकचा पातळ तुकडा. त्यावर ताशी १०० किलोमीटरचा झोत सरळ आला, तर त्याचा दाब सव्वा किलो वजनाच्या आसपास भरतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तोच दाब ताशी ५० ला पाव किलोच्या थोडा वर असतो, आणि म्हणूनच क्लेटनच्या गल्ल्यांत आठवडाभर काहीही न झालेली प्लेट फ्रीवेवर एका फेरीत जाते. सव्वा किलो हे तसे काही मोठे ओझे नव्हे. नायलॉनचा एक चांगला टाय त्याच्या कितीतरी पट ओढ सहन करतो. पण मागच्या चाकाजवळची हवा सरळ वाहत नाही, ती भोवऱ्यांनी भरलेली असते, आणि त्यात मोकळ्या कडांची पातळ प्लेट पताकेसारखी फडफडते. शिवाय आपले इंजिन एका सिलिंडरचे, त्याची थरथर वेगळीच. तार तोडायची असली की आपण ती एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहतो. येथे तेच काम प्रत्येक मिनिटाला शेकडो वेळा भोकाच्या काठावर चाललेले असते. त्यात टायची अरुंद पट्टी त्या काठावर सुरीसारखी बसते. टाय जितका आवळून बांधावा तितकी ती प्लेट लवकर कापते.

तेव्हा प्लेटला आधी पाठ द्यावी, बांधणीचा विचार नंतर करावा.

२ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्यावा; बनिंग्जसारख्या हार्डवेअरच्या दुकानात तो छोट्या तुकड्यांतही मिळतो. त्याचा एक उभा तुकडा कापावा, ज्याचा वरचा भाग नंबर प्लेटच्या मागे जाईल आणि खालचा साधारण १६ सेंटीमीटर भाग नंबर प्लेटच्या खालच्या कडेखाली मोकळा राहील. नंबर प्लेट काढून तिची भोके या पत्र्यावर उतरवून घ्यावीत आणि तेथेच भोके पाडावीत. नंबर प्लेटला मात्र नवीन भोक अजिबात पाडू नये, तिला वाकवूही नये. नंतर गाडीचा होल्डर, त्यावर पत्रा, त्यावर नंबर प्लेट असे थर लावून मूळच्याच दोन भोकांतून बोल्ट घालावेत. मध्ये पत्रा आल्यामुळे मूळ बोल्ट आखूड पडतील, म्हणून त्याच जाडीचे पण सुमारे ५ मिलिमीटर जास्त लांबीचे स्टेनलेस बोल्ट आणावेत. जुना बोल्ट खिशात घालून दुकानात न्यावा आणि आटे जुळवून पाहावेत. अंदाजाने आणलेला बोल्ट परत करायला जाण्यात माझे अनेक शनिवार गेले आहेत.

पत्र्याच्या खालच्या भागावर ‘पी’ प्लेट चार कोपऱ्यांत चार ५ मिलिमीटरच्या बोल्टांनी बसवावी. प्लेटमधली भोके बोल्टपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठी ठेवावीत, कारण उन्हात प्लॅस्टिक पसरते आणि त्याला हलायला जागा नसली तर तेथूनच चीर जाते. भोक कडेपासून किमान १२ मिलिमीटर आत असावे आणि ते अक्षरावर येऊ नये. पुढच्या बाजूने बोल्टच्या डोक्याखाली रुंद वायसर, त्याखाली रबरी वायसर, आणि मागच्या बाजूने नायलॉक नट, म्हणजे ज्याच्या तोंडाशी नायलॉनचे कडे असते तो. साधा नट इंजिनाच्या थरथरीने आठवड्यात सैल होतो. आवळताना रबर किंचित फुगलेले दिसले की थांबावे. त्यापुढे दिलेला प्रत्येक फेरा प्लॅस्टिक चेपतो. पत्र्याचे चारही कोपरे कानशीने गोल करावेत, नाहीतर गाडी पुसताना हात कापेल. माझा कापला आहे.

ॲल्युमिनियम कापण्याचे साधन नसल्यास स्वयंपाकघरातला प्लॅस्टिकचा जुना, सपाट चॉपिंग बोर्डही चालतो. तो करवतीने सहज कापला जातो, गंजत नाही आणि थरथर बरीचशी पिऊन टाकतो. फक्त तो ५ मिलिमीटरहून पातळ नसावा, आणि बोल्ट त्या हिशेबाने आणखी लांब घ्यावेत.

पॅरामॅटावाला

मी सिडनीचा, म्हणजे आमचे नियम थोडे वेगळे. न्यू साउथ वेल्समध्ये पांढऱ्या पाटीवर लाल किंवा हिरवे अक्षर असते, तुमच्या व्हिक्टोरियात लाल किंवा हिरव्या पाटीवर पांढरे. आमच्याकडे लाल ‘पी’च्या स्वाराला ताशी ९० आणि हिरव्याला १०० ची मर्यादा आहे, तुमच्याकडे ‘पी’साठी अशी वेगळी मर्यादा नाही. त्यामुळे वाऱ्याचा मार तुमच्याच प्लेटेला जास्त बसणार. मोटारसायकलला प्लेट फक्त मागे लावायची, हे मात्र दोन्हीकडे सारखे आहे.

चिकटपट्टीबद्दल एक दुरुस्ती सुचवतो, कारण तिची बदनामी पुष्कळदा वापरणाऱ्याच्या घाईमुळे होते. ॲक्रिलिक फोमची जाड दुहेरी पट्टी उत्तम धरते, पण तिला सपाट, स्वच्छ पृष्ठभाग लागतो आणि पूर्ण पकड येण्यासाठी सुमारे ७२ तास लागतात. मडगार्ड वक्र असतो, त्यावर साखळीच्या वंगणाचा अदृश्य थर असतो, आणि आपण बहुधा चिकटवून लगेच निघाला असाल. माझ्या गाडीला मागे टॉपबॉक्स, म्हणजे सामानाची पेटी आहे. त्याची मागची बाजू सपाट असल्याने मी ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून प्लेट चिकटवली आणि शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ गाडी हलवली नाही. वर्ष झाले, प्लेट तेथेच आहे. आपण टॉपबॉक्स लावणार असाल तर हा मार्ग सर्वांत सोपा आहे. केवळ प्लेटसाठी टॉपबॉक्स घेणे अर्थात महागात पडेल.

आणखी एक गोष्ट म्हणजे चोरी. स्टेशनच्या पार्किंगमधून माझी वेल्क्रोवर लावलेली प्लेट कोणीतरी उचलून नेली. ज्याची स्वतःची उडाली असेल, त्यानेच नेली असावी. टूलरूम काकांच्या नायलॉक नटांना पाना लावावा लागतो, एवढ्यानेच असा चोर बहुधा पुढच्या गाडीकडे वळेल.

क्लेटनची स्वार

सर्वांचे मनापासून आभार. टूलरूम काका, आपले उत्तर वाचून प्लेट का जात होती हे प्रथमच समजले. मला दोन शंका आहेत. पहिली, नंबर प्लेटच्या खाली १६ सेंटीमीटर पत्रा लोंबला तर खड्ड्यात गाडी दबल्यावर तो मागच्या चाकाला घासणार नाही का? दुसरी, खाली जागा नसल्यास प्लेट नंबर प्लेटच्या वर लावली तर चालेल का?

भारतात लर्नर असताना माझ्या स्कूटीला बाबांनी ‘एल’ पांढऱ्या कागदावर लाल स्केचपेनने काढून सेलोटेपने लावला होता, आणि तो सहा महिने टिकला होता, हेही येथे नमूद करते.

निवृत्त टूलरूम

बाबांचा कागद टिकला, कारण स्कूटी बहुधा ताशी ४० च्या पुढे गेली नसेल. नियमाप्रमाणे मात्र तो ‘एल’ १८ सेंटीमीटर चौरस पाटीवर आणि किमान १० सेंटीमीटर उंच हवा; केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येच तसे लिहिले आहे. आमच्या वेळीही हे कोणी मोजत नसे.

पहिली शंका फार रास्त आहे आणि मी ती आधीच सांगायला हवी होती. आपल्या गाडीचा नंबर प्लेटचा होल्डर सीटच्या मागच्या शेपटीला लटकलेला आहे, म्हणजे सस्पेन्शन दबले की चाक वर येऊन त्याच्या जवळ जाते. पत्रा कापण्यापूर्वी त्याच मापाचा पुठ्ठा कापून टेपने लावावा, दोन दणकट मित्रांना उभ्या गाडीवर बसवून जोराने दाबायला सांगावे आणि आपण बाजूने पाहावे. (उभ्या गाडीवरच, चालत्या गाडीवर मागे कोणाला बसवण्याची आपल्याला अजून परवानगी नाही.) पुठ्ठा आणि टायर यांत पूर्ण दबावाखालीही चार बोटांचे अंतर राहिले पाहिजे. ते राहत नसेल, तर पत्रा खाली न नेता नंबर प्लेटच्या डाव्या बाजूला आडवा न्यावा, फक्त त्या बाजूचा इंडिकेटर झाकला जाणार नाही हे पाहावे.

वर लावण्याबद्दल माझे उत्तर नकारार्थी आहे. नंबर प्लेटवर प्रकाश टाकणारा लहान दिवा तिच्या नेमका वर असतो. तो झाकला गेला तर रात्री नंबर दिसणार नाही, आणि आपली पाळी रात्रीची आहे. म्हणजे ‘पी’चा दंड वाचवून नंबर प्लेटचा ओढवून घेतला, असे व्हायचे. नंबर प्लेट, ब्रेकलाइट, इंडिकेटर आणि मागचा लाल रिफ्लेक्टर, यांपैकी कशावरही ‘पी’ची कडसुद्धा येता कामा नये. सगळे बसवून झाल्यावर मोजून २० मीटर मागे जावे, खाली वाकू नये, उभ्यानेच पाहावे. व्हिक्टोरियात तेवढ्या अंतरावरून अक्षर स्पष्ट दिसले पाहिजे. पत्रा आकाशाकडे कललेला असेल तर ते दिसत नाही. स्पोर्ट गाड्यांवर हे फार होते.

क्लेटनची स्वार

तीन आठवड्यांनी कळवते आहे. पुठ्ठ्याची परीक्षा घेतली तेव्हा खाली जेमतेम दोन बोटांचे अंतर राहिले, म्हणून पत्रा डावीकडे आडवा नेला. कापण्याचे काम विद्यापीठातल्या एका मैत्रिणीने तिच्या घरच्या गॅरेजमध्ये करून दिले. पत्रा, बोल्ट, नट आणि वायसर मिळून जो खर्च झाला, तो हरवलेल्या दोन प्लेटांच्या आणि वाया गेलेल्या चुंबकाच्या एकूण खर्चाहून फारसा जास्त नाही.

रविवारी फिलिप आयलंडला जाऊन आले. परतताना समुद्राकडून आडवा वारा इतका होता की हेल्मेट धरून ठेवावेसे वाटत होते, पण प्लेट हलली नाही. घरी आल्यावर चारही नट तपासले; तीन जसेच्या तसे होते, डाव्या खालच्या बोल्टाशी मात्र प्लेट किंचित वाजत होती. तेथे पाव फेरा आवळला आहे.

निवृत्त टूलरूम

तेथे आवळू नका. नायलॉक नट एका फेरीत सैल होत नाही, तेव्हा त्या कोपऱ्यातला रबरी वायसर दबून पातळ झाला असणार. पाव फेरा उलटा सोडून वायसर बदला. येताना दोन जास्तीचे आणा आणि सीटखाली त्या दुसऱ्या प्लेटेबरोबर ठेवा.