पोषण महिन्याच्या वर्गांनी कुणाच्या ताटात काय फरक पडला?

निवांत_नाना (मूळ धागा)
दर सप्टेंबरात तेच. अंगणवाडीत बायकांना आहाराचे धडे, तिरंगा थाळीची (तीन रंगांचे पदार्थ असलेल्या ताटाची) रांगोळी, पाककृती स्पर्धा, फोटो, टाळ्या. संध्याकाळी घरोघरी बटाट्याचा रस्सा, भात आणि चहा-खारी. २०१८ पासून हे सरकारी पोषण अभियान चालू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या रक्तक्षय असलेल्या बायका ४८ टक्के होत्या, पुढच्या पाहणीत ५४ झाल्या. बंद करा हे वर्ग, त्या पैशात धान्य वाटा.

अंगणवाडीची_बाई
नाना, रांगोळीवरून वर्ग ओळखलात होय? मग सविस्तरच लिहिते, डोकं फिरलंय माझं. तुमची ती दुसरी पाहणी महाराष्ट्रात २०१९ मध्ये झाली. अभियानाला तेव्हा दोन वर्षंही नव्हती झाली. आमच्याकडं बायका मेथी उकडून पाणी मोरीत ओतायच्या आणि जेवण झालं रे झालं की चहा, म्हणजे जेवणातलं लोह अंगी लागायचं नाही. नुसतं भाषण कुणी ऐकलं नसतं. म्हणून वर्गातच भाजी केली, झाकण ठेवून, अंगच्या पाण्यात. लोह अंगी लागावं म्हणून वर लिंबू पिळलं आणि तिथंच सगळ्यांना खायला लावली. आता गरोदर बायका लोहाची गोळी चहाबरोबर घेत नाहीत. हे बघायला गावात यावं लागतं.

मधली_सून
वर्गाला जाणार सुना, पातेलं सासूच्या हातात. मी नाचणीची भाकरी केली तर सासरे ‘मी काय आजारी आहे का’ म्हणत ताटावरून उठले. पुढचा वर्ग सासऱ्यांचा घ्या!

खवय्या_कोल्हापूरकर
वर्गात सांगायचं, मुलांना अंडं द्या. आणि शाळेच्या आहारात २०२३ च्या शेवटी आलेल्या अंड्याचा निधी जानेवारी २०२५ मध्ये काढून घ्यायचा, लोकवर्गणीतून करा म्हणायचं. आधी त्यावर बोला.

तुळशीवृंदावन
बरंच झालं. आमच्या मुलांच्या पंगतीत अंडं नको. हरभरे-शेंगदाणे आहेत की.

खवय्या_कोल्हापूरकर
नको असणाऱ्यांना केळं होतं. तुम्हाला चालत नाही म्हणून दुसऱ्याच्या पोराच्या ताटातलं का काढता?

तुळशीवृंदावन
मी कुणाचं काढलं? उगाच माझ्या तोंडी काहीही घालू नका. हल्ली शाकाहारी म्हटलं की गुन्हेगारच!

पाड्यावरचा_मास्तर
शेंगदाण्याचा भाव विचारलात का ताई कधी? अंड्याच्या दिवशी आमचा वर्ग भरायचा. एक पोरगी अर्धं अंडं रुमालात बांधून धाकट्या भावाला न्यायची. तिला कसले वर्ग शिकवता?

अंगणवाडीची_बाई
तिला नको, तिच्या आईला हवेत. धाकटा वर्षाचा होईस्तोवर नुसत्या पेजेवर ठेवतात, तेव्हा सांगायला कोण जातं मास्तर? तुमची शाळा सहाव्या वर्षी सुरू होते.

पाड्यावरचा_मास्तर
ते खरं. पण सांगून झाल्यावर वाटीत घालायला काय, हे कोण सांगणार?

निवांत_नाना
रक्तक्षयाच्या धाग्यात कोंबड्या शिरल्या. असो. लिंबाचं आणि चहाचं मान्य. हिनेही कुठंतरी तेच ऐकलंय, त्यामुळे माझाही जेवणानंतरचा चहा गेला. धन्य झालो. पण रांगोळीच्या खर्चाचं काय?

अंगणवाडीची_बाई
रांगोळी माझ्या पैशांची असते. बिल पाठवू?